कॉलनीतले बंगले एकामागून एक पडतायत, 9 मीटरच्या रस्त्यावर किती बांधायचं याला काही मर्यादा आहे का?

मुक्ता_कोथरूड:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण नीट लिहिते म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल. आमची कॉलनी कोथरूडमधली, मयूर कॉलनीपासून जवळच, साठ-सत्तरच्या दशकात प्लॉट पाडून झालेली सहकारी गृहरचना सोसायटी. प्लॉट साधारण पाच-साडेपाच हजार स्क्वेअर फुटांचे, त्यावर एक मजली नाहीतर दुमजली बंगले, पुढे थोडी बाग, मागे विहीर किंवा बोअर. गेल्या काही वर्षांत कोपऱ्यावरचे दोन गेले, तिथे पार्किंग आणि वर सात मजले झाले, तेव्हा कोणी काही बोललं नाही कारण ज्याची त्याची जागा आणि त्या आजी-आजोबांना खरंच पैशांची गरज होती. आता मात्र आमच्या शेजारचे लागून असलेले दोन प्लॉट एकाच बिल्डरने घेतलेत आणि ते एकत्र करून बिल्डिंग येतेय, आणि समोरच्या ओळीतल्या तीन घरांशी पण बोलणी चालू आहेत असं कळतं.

रस्ता कागदावर 9 मीटर आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून एक गाडी कशीबशी जाते, सकाळी स्कूल बस आणि कचऱ्याची गाडी एकदम आली की कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा, आणि मागच्या पावसाळ्यात गल्लीत एका काकांसाठी बोलावलेली ॲम्ब्युलन्स तोंडाशीच थांबली, स्ट्रेचर चालत न्यावं लागलं.

शेजारी बेसमेंटचं खोदकाम सुरू झालंय. काळा खडक आहे, सकाळी साडेआठला ब्रेकर सुरू होतो. बारा-पंधरा फुटांवर पाणी लागलं तर तिथे पंप लावलाय, तो रात्रंदिवस पाणी उपसून पावसाळी गटारात सोडतोय. स्वच्छ पाणी आहे हो, अगदी काचेसारखं, आणि ते नाल्याला जातंय. आमच्या विहिरीची पातळी तेव्हापासून खाली गेलीये, माझ्या सासूबाई रोज दोर टाकून बघतात. बाजूला बुचाची दोन मोठी झाडं आहेत, नोव्हेंबरात सगळी गल्ली पांढऱ्या फुलांनी भरते, धनेशाची जोडी येते त्यावर. त्यातल्या एकावर परवा उद्यान खात्याची नोटीस चिकटवलेली दिसली.

मला विचारायचंय ते असं की एवढं बांधकाम नियमात बसतं का? बसत असेल तर हा नियम कोण ठरवतं, आणि आमच्यासारख्या शेजाऱ्यांना कुठे बोलायला जागा आहे का? परदेशात म्हणे एखाद्या वस्तीचं झोनिंगच असं असतं की इथे इतकेच मजले, तसं आपल्याकडे एखाद्या कॉलनीसाठी करून घेता येतं का? नगरसेवकाकडे गेलो तर ते म्हणाले सगळं ऑनलाइन पास होतं, आमच्या हातात काही नाही. माझा विकासाला विरोध नाही, पण हे असंच चालू राहिलं तर या गल्लीत पाच वर्षांनी काय होईल याचा कोणी विचार केलाय का हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

नकाशेवाला:

मुक्ताताई, मी आर्किटेक्ट आहे, पुण्यातच प्लॅन पास करून घेण्याचं काम करतो, त्यामुळे आधी हिशोब सांगतो, मग मत.

मुंबई आणि काही थोडे भाग सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू आहे, युडीसीपीआर, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. तिच्यात पुण्यासारख्या शहरात किती बांधायचं हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर बेसिक एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं) 1.1, बास, टीडीआर (दुसरीकडे सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळालेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) नाही आणि प्रीमियम पण नाही. रस्ता 9 मीटर झाला की 1.1 बेसिक, त्यावर 0.5 पैसे भरून प्रीमियम, त्यावर 0.4 टीडीआर, म्हणजे एकूण 2. बारा मीटरला 2.25, पंधराला 2.5, आणि असं करत करत 30 मीटरच्या रस्त्याला 3 पर्यंत. आणि हे झाल्यावर जे काही बसतं त्याच्यावर निवासी इमारतीला 60 टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी एफएसआय, तो पण प्रीमियम भरून.

तुमच्या शेजारचे दोन प्लॉट एकत्र केले तर साधारण 1000 चौरस मीटर होतील असं धरू. 9 मीटर रस्त्यावर 2000 चौ.मी. आणि त्यावर 60 टक्के म्हणजे अजून 1200, एकूण 3200 चौ.मी. चौतीस हजार स्क्वेअर फुटांच्या वर गेलं, पार्किंग यात धरतच नाहीत. आधी त्या दोन बंगल्यांचं मिळून बांधकाम फार तर पाच-सहाशे चौ.मी. असेल. तर हो, बहुतेक नियमात बसत असणार. एक गोष्ट बिल्डरच्या बाजूने सांगितली पाहिजे की पूर्वी जिने, पॅसेज, बाल्कनी हे सगळं वेगळे पैसे भरून एफएसआयच्या बाहेर ठेवता यायचं, आता ते आत धरतात म्हणून हा ॲन्सिलरी आला, त्यामुळे 60 टक्के सगळंच नवीन वाढलं असं नाही.

आता 9 मीटरला एवढं महत्त्व का ते बघा. जून 2020 मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीने शहरातले 323 रस्ते 6 मीटरचे 9 मीटर करायचा ठराव केला होता, महापालिका कायद्याच्या कलम 210 खाली. दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून दीड-दीड मीटर घेतलं की रस्ता कागदावर 9 चा होतो आणि टीडीआर वापरता येतो. त्यावरून बराच गदारोळ झाला, सगळे रस्ते एकदम का नाहीत, ठराविकच का, असे प्रश्न आले आणि प्रकरण राज्य सरकारपर्यंत गेलं. दीड मीटर सोडलेल्या जागेत नंतर काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, तिथे गाड्या लागतात, रस्ता होतच नाही, कारण मधल्या जुन्या बंगल्याची भिंत तिथेच असते.

माझं स्वतःचं मत असं की आपल्या नियमात एक मोठी खोट आहे. रस्ता किती रुंद आहे हे विचारतात, पण त्या रस्त्याखालची पाण्याची लाइन किती इंची आहे, ड्रेनेज कधी टाकलंय, त्या गल्लीत आधीच किती प्लॉटनी हाच एफएसआय वापरलाय, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक प्लॉट एकेकटा तपासला जातो. तुमच्या गल्लीत वीस प्लॉट असतील तर विसाच्या विसांना तेवढाच हक्क आहे, आणि विसांनी तो वापरला तर काय होईल याचं गणित कुठल्याही फाइलमध्ये नसतं. मी इतके प्लॅन केलेत, एकदाही कोणी मला ते विचारलेलं नाही.

झोनिंगचं म्हणाल तर विकास आराखड्यात निवासी, व्यापारी, शेती असे झोन असतात, टेकड्यांसाठी वेगळे नियम आहेत, पण "या कॉलनीत चारच मजले" असा झोन आपल्याकडे जवळपास नाहीच. हेरिटेज यादी आणि विमानतळ किंवा संरक्षण खात्याच्या आसपासचे उंचीचे निर्बंध सोडले तर.

एक तपासून बघा, तुमच्या सोसायटीचे प्लॉट सभासदांच्या मालकीचे आहेत की सोसायटीने लीजवर दिलेत? बऱ्याच जुन्या प्लॉट सोसायट्यांमध्ये लीज डीडमध्ये "एका प्लॉटवर एकच राहतं घर" अशी अट असते आणि प्लॉट एकत्र करायला सोसायटीची परवानगी लागते. ती अट असेल तर सोसायटीच्या जनरल बॉडीला बोलायला बरीच जागा आहे. कागद वकिलाला दाखवा.

अनिकेत_वाकड:

मी उलट बाजूने बोलणार आहे, राग मानू नका ताई. मी वाकडला राहतो, लोन काढून घेतलेला टू बीएचके, ऑफिस कर्वे रोडला, रोज येऊनजाऊन दोन-अडीच तास जातात. कोथरूडमध्ये घर घ्यायची माझी आणि बायकोची फार इच्छा होती, तिची आई तिथेच राहते, पण आमच्या बजेटमध्ये काही मिळालं नाही. आता सांगा, शहराच्या मधोमध, वनाज ते गरवारे मेट्रो 2022 च्या मार्चपासून चालू आहे, शाळा आहेत, दवाखाने आहेत, आणि तिथे पाच हजार फुटाच्या प्लॉटवर एक कुटुंब. आणि आम्ही लोक कुठे जायचं, तर वाघोली, मारुंजी, सूस, जिथे रस्ता नाही, टँकरचं पाणी, ड्रेनेजचा पत्ता नाही. मधल्या वस्त्या जपायच्या म्हणून तिथे बांधायचं नाही असं ठरवलं की तीच माणसं कडेच्या गावांत जाऊन शेतं संपवतात. बाणेर-बालेवाडीत काही वर्षांपूर्वी पाणी नाही म्हणून हायकोर्टाला नवीन परवानग्या थांबवाव्या लागल्या होत्या, तिथे तर बंगले नव्हते, मोकळी जमीन होती, तरी तीच गत झाली.

म्हणून मला वाटतं मेट्रोच्या जवळ जास्त बांधलं पाहिजे, कमी नाही. टीओडीमध्ये, म्हणजे मेट्रो स्टेशनच्या आसपासच्या पट्ट्यात, 4 पर्यंत एफएसआय दिलाय तो बरोबर आहे. कॉलनीचं वातावरण, झाडं, हे सगळं मला पण आवडतं पण ते जपण्याची किंमत कोण देतंय हे पण बघा.

मुक्ता_कोथरूड:

अनिकेत, राग नाही आला, उलट हा मुद्दा आमच्या मीटिंगमध्ये कोणीच मांडत नाही म्हणून बरं वाटलं. पण एक सांग, कोपऱ्यावरच्या ज्या बिल्डिंग झाल्या त्यात मजल्याला एक नाहीतर दोन फ्लॅट आहेत, साडेतीन-चार बीएचके, किंमत काही कोटींत. घरागणिक दोन गाड्या, एका घरी तीन. तिथे तुझ्यासारखं कोणी राहायला आलेलं नाही रे. दोन फ्लॅट तर गुंतवणूक म्हणून घेतलेत, रात्री दिवे पण लागत नाहीत. बांधकाम पाच-सहा पट झालं पण राहणारी माणसं तेवढी वाढली नाहीत, गाड्या मात्र वाढल्या. याच प्लॉटवर सहाशे-सातशे फुटांची घरं बांधली असती आणि त्यात शाळेतल्या शिक्षिका, नर्सबाई, तुझ्यासारखी तरुण मंडळी आली असती तर मी वेगळं बोलले असते.

नकाशेवाला:

मुक्ताताईंचं बरोबर आहे. नियम चौरस मीटर मोजतो, घरं मोजत नाही. मोठ्या फ्लॅटला पार्किंगचे नियमच दोन गाड्यांची जागा मागतात, म्हणून बेसमेंट खोदावं लागतं, म्हणून तुमचं विहिरीचं पाणी जातं. मेट्रोपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या इमारतीला दोन-दोन गाड्यांची जागा कशाला सक्तीची हवी? ही अट काढली तर खर्च पण कमी होईल आणि खोदाई पण. यावर बिल्डर लोकांशी बोललो तर ते म्हणतात गिऱ्हाईक मागतं. मागत असेलही, पण नियमाने मागायची गरज नाही.

दादर_पूर्व:

मुंबईतून लिहितोय, आमची पाचवी गल्ली, हिंदू कॉलनी. तुमच्या कोथरूडमध्ये आत्ता जे सुरू आहे त्यातून आम्ही गेलोय म्हणून दोन गोष्टी.

दादर-माटुंग्याचा आमचा भाग इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वसवला. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यांनी आधी रस्ते आखले, गटारं टाकली, बागा सोडल्या, मग प्लॉट दिले आणि प्लॉट देताना लीजमध्ये अटी घातल्या, किती मजले, दोन इमारतींत किती अंतर. शेजारच्या पारशी कॉलनीत फाइव्ह गार्डन्सच्या आसपास फिरलात तर अजून ते कळतं, वारा येतो तिथे. शंभर वर्षांपूर्वी मजल्यांची मर्यादा आणि गटाराची क्षमता या दोन गोष्टी एकाच टेबलावर ठरत होत्या एवढंच मला सांगायचंय.

दुसरी गोष्ट हेरिटेजबद्दल, कारण कोणीतरी तुम्हाला तो मार्ग सुचवेलच. 2012 मध्ये मुंबईच्या हेरिटेज यादीत भर घालायचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. सगळ्यात जास्त विरोध तिथल्या रहिवाशांनीच केला. का, तर इमारती सत्तर-ऐंशी वर्षांच्या, लिफ्ट नाही, स्लॅब गळतोय, म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर अडकलेली, आणि दुरुस्तीला पैसे देणार कोण याचं उत्तर यादी करणाऱ्यांकडे नव्हतं. नुसतं "बांधू नका" सांगितलं आणि जुनं घर टिकवायला काहीच मदत दिली नाही तर घरमालक तुमच्या विरोधात जाणार, आणि मला त्यांची चूक वाटत नाही. तेव्हा तुमच्या कॉलनीत जे बंगला विकू इच्छितात त्यांना आधी सोबत घ्या. बंगला न पाडता वर एक-दोन मजले, भावंडांसाठी किंवा भाड्याला, असं काही सहज करता आलं तर कितीतरी लोक पाडणार नाहीत. सध्या पाडून टॉवर बांधायला सगळे रस्ते मोकळे आणि जुन्या घराला एक खोली वाढवायची म्हटलं तर हजार अडचणी.

आणि हो, टॉवर झाल्यावर महिन्याचा मेन्टेनन्स किती येतो ते आमच्याकडच्या चाळकऱ्यांना विचारा. फुकट फ्लॅट मिळाला, पाच-सात वर्षांत कॉर्पस (मेन्टेनन्ससाठी बिल्डरने दिलेली ठेव) संपला आणि विकून डोंबिवलीला गेले, अशी घरं आमच्या ओळखीत बरीच आहेत.

म्हापशेकर:

गोंयातून नमस्कार. आमच्याकडे हाच प्रश्न पण उलटीकडून येतो, शहरातली कॉलनी नाही, गावच्या गाव. शेतजमीन, डोंगरउतार, बागायत यांचा झोन बदलून सेटलमेंट, म्हणजे बांधकामाचा झोन, करायचा. 2006 च्या शेवटी रिजनल प्लॅन 2011 विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो प्लॅन मागे घ्यावा लागला. त्यानंतर रिजनल प्लॅन 2021 करताना गावागावांत नकाशे नेले, ग्रामसभेत लोकांनी आपली शेतं, तळी, झरी, देवराया नकाशावर दाखवल्या. मी तेव्हा आमच्या पंचायतीत ते काम जवळून बघितलंय, म्हातारे मच्छीमार आणि शेतकरी नकाशावर बोट ठेवून सांगत होते इथे पावसात पाणी तुंबतं, इथे बांधू नका. सरकारी सर्व्हेत ते नव्हतं.

पण पुढे काय झालं, तर टाऊन प्लॅनिंग कायद्यातच मागचे दरवाजे काढले. 2018 मध्ये कलम 16बी आलं, नंतर 17(2) आलं, "नकाशातली चूक दुरुस्त करतो" म्हणून एकेका प्लॉटचा झोन बदलायचा, मग 2024 मध्ये 39ए. 17(2) खालचे नियम मार्च 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. तेव्हा ताई, कॉलनीसाठी झोन करून घ्या जरूर, पण तो बदलायचा अधिकार कोणाकडे आणि बदलताना शेजाऱ्याला विचारणं सक्तीचं आहे का, ते आधी बघा. एका प्लॉटसाठी झोन बदलता येत असेल तर झोनला काही अर्थ उरत नाही.

निवृत्त_उपअभियंता:

मी एका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली, तिथला अनुभव सांगतो. नवीन इमारतीची फाइल आली की माणशी रोज 135 लिटर या हिशोबाने मागणी काढायची आणि कनेक्शनचा साईज ठरवायचा, हे ठरलेलं. पण मुख्य लाइन टाकली तेव्हा त्या गल्लीत माणसं किती धरली होती ते कोणी परत बघत नाही. बंगल्यांसाठी टाकलेली चार इंची लाइन, तिच्यावर एकामागून एक टाक्या जोडल्या जातात, सगळे जमिनीखाली टाकी बांधून पंपाने खेचतात आणि गल्लीच्या शेवटच्या घराला पाणी येत नाही. मग तो माणूस तक्रार करतो आणि आम्ही व्हॉल्व्ह फिरवायचो. दुसरं काय करणार? ड्रेनेजचं तर त्याहून वाईट, कारण ते दिसत नाही. ज्या दिवशी चेंबर उलटं वाहतं त्या दिवशी कळतं.

आता मुक्ताताई, हातात काय आहे ते सांगतो, जमेल तसं करा. साइटवर बोर्ड असलाच पाहिजे, त्यावर परवानगीचा नंबर आणि महारेराचा नंबर बघा. महारेराच्या साइटवर मंजूर नकाशे अपलोड केलेले असतात, ते डाउनलोड करून नकाशेवाल्यांसारख्या माणसाकडून तपासून घ्या, बाजूची मोकळी जागा किती सोडलीये आणि फायर ब्रिगेडची गाडी आत कशी वळणार ते मुख्य. नकाशात एक आणि जागेवर दुसरं असेल तर बांधकाम विभागाला लेखी द्या.

झाडाचं तातडीने करा. 1975 चा झाडांचा कायदा आहे, नोटीस लागल्यापासून हरकतीला सात दिवसच असतात, फोनवर फोटो काढा ज्यात तारीख दिसेल. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज झाड धरतात आणि तोडायचं तर झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तुमची बुचाची झाडं कॉलनीइतकी जुनी असणार. वय सिद्ध करायला जुने फोटो, लग्नातले, मुंजीतले, मागे झाड दिसत असेल तर ते सुद्धा चालवून बघा.

माहिती अधिकारात दोनच प्रश्न विचारा, पाल्हाळ नको. आमच्या रस्त्याखालची पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन कधी टाकली, किती व्यासाची, किती लोकसंख्या धरून. आणि गेल्या दहा वर्षांत या रस्त्यावर किती परवानग्या दिल्या, एकूण किती चौरस मीटर. ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की पुढे काय बोलायचं ते तुम्हाला सुचेल, आणि कोर्टात जायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो. उपशाच्या पाण्याबद्दल पण लेखी द्या, पंपाचा व्हिडिओ जोडा.

आता नियम बदलायचं. तो बदल महापालिका एकटी करू शकत नाही, ती एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली प्रस्ताव पाठवते, जाहीर सूचना निघते, हरकती घेतात आणि मंजुरी नगरविकास खात्याची. म्हणून नगरसेवक "आमच्या हातात नाही" म्हणतात ते अर्धं खरं आहे. प्रस्ताव मांडणं त्यांच्या हातात असतं. पुण्याच्याच 2013 च्या प्रारूप विकास आराखड्यावर 87 हजारांवर हरकती आल्या होत्या, पुढे 2015 मध्ये राज्याने आराखडा स्वतःकडे घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. एवढ्या लोकांनी लिहिलं पण ते शेवटच्या टप्प्यात, आराखडा तयार झाल्यावर. त्याआधी बोलायला जागा हवी ती म्हणजे क्षेत्र सभा, ग्रामसभेसारखी शहरातल्या भागातल्या मतदारांची सभा, तिची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे आणि कुठल्याही शहरात ती नीट भरलेली मी बघितलेली नाही. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपल्यावर तर पुण्यात पुढे किती काळ प्रशासकच होते. क्षेत्र सभा भरवा ही मागणी प्रत्येक निवेदनात घाला.

सायली_मिनीॲपोलिस:

परदेशातल्या झोनिंगचा उल्लेख झाला म्हणून लिहिते, माहेर माझं सहकारनगरचं. आमच्या शहरात, अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसमध्ये, पूर्वी बहुतेक गल्ल्यांत एका प्लॉटवर एकच घर बांधायची परवानगी होती. 2018 मध्ये मंजूर झालेल्या 2040 च्या प्लॅनमध्ये ते काढलं आणि तीन घरांपर्यंत परवानगी दिली, कारण एकाच घराच्या नियमामुळे घरं महाग झाली आणि गरीब, कृष्णवर्णीय लोक अनेक वस्त्यांच्या बाहेर राहिले, हे शहराने उघडपणे मान्य केलं. पर्यावरणाच्या मुद्द्यावर त्यावर कोर्टात केस पण झाली, काही काळ प्लॅन अडकला होता. म्हणजे इथला अनुभव अनिकेत यांच्या बाजूने जातो. पण त्याच प्लॅनमध्ये शहराच्या नकाशावर प्रत्येक रस्त्याला किती उंची ते रंगवलेलं आहे, आतल्या गल्लीत कमी, बसच्या मोठ्या रस्त्यावर जास्त, स्टेशनजवळ खूप जास्त. माझ्या शेजारी जास्तीत जास्त काय येऊ शकतं ते मी दोन मिनिटांत बघू शकते. सहकारनगरला आईच्या शेजारी काय येणार हे मात्र बांधकामाचे पत्रे लागल्यावरच कळतं.

नकाशेवाला:

सायली, हेच मला म्हणायचं होतं. आपल्याकडे अहमदाबादने आश्रम रोडच्या भागासाठी लोकल एरिया प्लॅन केला, सगळ्या भागाचा एकत्र विचार करून, नवीन रस्ते कुठून काढायचे, चालायला जागा कुठे, मग त्यावर जास्त एफएसआय. कर्वे रोड, पौड रोडच्या मेट्रो पट्ट्यासाठी असा प्लॅन व्हायला हवा होता, एफएसआय आधी दिला गेला. तरी अजून उशीर झालेला नाही. मुख्य रस्त्याला लागून द्या ना वाढवून, आतल्या 9 मीटरच्या गल्लीला तोच न्याय लावू नका, आणि आतल्या गल्लीत जे वाढवाल ते लहान घरांसाठी असू दे.

मुक्ता_कोथरूड:

सगळ्यांचे मनापासून आभार. लीज डीड शोधलं, प्लॉट सोसायटीने लीजवरच दिलेत आणि सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय प्लॉट एकत्र करता येणार नाहीत अशी ओळ आहे त्यात, आता वकिलांकडे दिलंय. झाडाची हरकत आज देऊन आले, सासूबाईंच्या अल्बममधला त्यांच्या गृहप्रवेशाचा फोटो जोडला, मागे झाड चांगलं दुमजली उंच दिसतंय. निवेदनात या मागण्या घालतेय: गल्लीची पाण्याची आणि ड्रेनेजची क्षमता जाहीर केल्याशिवाय टीडीआर देऊ नका, नवीन परवानगी दिली की आजूबाजूच्या घरांना लेखी कळवा, क्षेत्र सभा भरवा, मेट्रोजवळ पार्किंगची सक्ती कमी करा, आणि आतल्या गल्ल्यांना मजल्यांची मर्यादा. दादरच्या काकांचं पण पटलं, विकायच्या विचारात असलेल्या तिन्ही घरी जाऊन बोलणार आहे.

अनिकेत_वाकड:

ताई, मजल्यांची मर्यादा सोडून बाकी सगळ्यावर माझी सही घ्या. मर्यादेच्या मुद्द्यात "लहान घरं बांधली तर जास्त मजले" असं घातलंत तर त्यावर पण करतो, नाहीतर नाही. पाणी आणि ड्रेनेजचा मुद्दा आमच्या इकडच्या सोसायट्यांना पण तितकाच लागू आहे, मसुदा पाठवा, आमच्या ग्रुपवर टाकतो.

निवृत्त_उपअभियंता:

मसुदा एका पानात बसवा. एक प्रत आयुक्तांना, एक शहर अभियंत्यांना, एक मंत्रालयात नगरविकास खात्याला. तिन्हीवर आवक शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेल केला तरी हातात कागद पण द्या. महिन्याने माहिती अधिकारात त्याच निवेदनावर काय कार्यवाही झाली ते विचारा.